आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत, स्पीकिंगमध्ये (बोलण्याच्या चाचणीत) 'तुम्ही सायकल चालवता का?' असं विचारलं आणि आपण चालवतच नसू, तर काय बोलायचं?

सरळ 'नाही' म्हणा आणि लगेच कारण जोडा. गुण इंग्रजीला मिळतात, सायकल येते की नाही हे कुणी तपासत नाही. परीक्षक ओघ, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार एवढंच बघतो, चारींना सारखंच वजन असतं (हे निकष परीक्षा घेणाऱ्यांनीच जाहीर केलेत). म्हणून 'नो, आय डोन्ट' म्हणून गप्प बसणं तेवढं टाळा. दोन-तीन वाक्यं पुरतात: 'नॉट एनी मोअर. आय यूज्ड टू राइड टू स्कूल, बट द रोड्स आर टू बिझी नाऊ.' यात जुनी सवय, आजची स्थिती आणि कारण तिन्ही आलं, शिवाय दोन काळ वापरून झाले. लहानपणीही सायकल नव्हती? मग शिकावीशी का वाटते ते सांगा. घोकलेलं उत्तर मात्र नकोच, ते ऐकताक्षणी कळतं. हे सगळं स्पीकिंगच्या पहिल्या भागापुरतं, म्हणजे छोट्या प्रश्नोत्तरांपुरतं हं. दुसऱ्या भागात परीक्षकाने दिलेल्या कार्डावर असा विषय आला, तर १ मिनिट तयारीला मिळतं आणि १ ते २ मिनिटं सलग बोलावं लागतं. तिथे एखादा प्रसंग नीट रंगवून सांगावा लागेल.