यादीत नाव राहू दे, नंबर नको

प्रश्न : मी सोलापुरात पीएच.डी. करते. विभागाच्या ऑनलाइन यादीत माझा मोबाइल नंबर आणि जुळे सोलापुरातला घरचा पत्ता आहे. रात्री-अपरात्री अनोळखी फोन येतात. नावच काढून टाकू का?

उत्तर : नाव काढू नका, ताई! तुमचं काम वाचून विचारणारे तिथूनच तुम्हाला शोधतात. नाव, विषय, मार्गदर्शक, विद्यापीठाचा ईमेल एवढं पुरे. घरच्या पत्त्याचं तिथे कामच काय? विभागप्रमुखांना लेखी अर्ज द्या, स्क्रीनशॉट जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या. माझ्या मते तोंडी सांगणं हवेत विरतं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती दुरुस्त करून किंवा खोडून घेण्याचा हक्क नमूद आहे. जुन्या पीडीएफ याद्याही तपासा, खरी गोम तिथेच असते. पान बदललं तरी गूगलवर जुना मजकूर काही काळ दिसतो. तो हटवण्याची विनंती गूगलकडेच करता येते.