नोड चालू आहे, पण कोणत्या साखळीवर?

प्रश्न : आमच्या पेमेंट सेवेचे दोन इथेरियम नोड, म्हणजे त्या ब्लॉकचेनची प्रत ठेवून व्यवहार तपासणारी मशीनं, मी सांभाळतो. मोठं अपग्रेड जवळ आलं की सहकारी म्हणतात, आदल्या रात्री क्लायंटची (नोड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) नवी आवृत्ती टाकली की काम संपलं. मला मात्र धाकधूक वाटते. ती अनाठायी आहे का?

उत्तर : अजिबात नाही. आदली रात्र म्हणजे फार उशीर. मर्जची, म्हणजे इथेरियम खाणकाम सोडून ठेवींवर चालू लागलं त्या अपग्रेडची, तारीख सगळ्यांना 15 सप्टेंबर 2022 अशी पाठ आहे. पण नोडवाल्यांची खरी मुदत 6 सप्टेंबरलाच, बेलाट्रिक्स या त्याच्या पहिल्या टप्प्याच्या वेळी, संपली होती. 15 तारीख धरून बसलेल्याला नऊ दिवस उशीर झाला. म्हणून जाहिरातीतली तारीख नव्हे, क्लायंटच्या रिलीज नोट्समधला एपॉक (साखळीच्या वेळेचा क्रमांकित टप्पा) वाचा.

त्याच्या महिनाभर आधी गोएर्ली टेस्टनेटवर (सरावासाठीच्या जाळ्यावर) मी सराव करत होते. एक्झिक्युशन (व्यवहार चालवणारा) आणि कन्सेन्सस (साखळीवर एकमत राखणारा) असे दोन्ही क्लायंट नवे केले, दोन्ही सुरू झाले, दोन्हींच्या लॉगमध्ये ओळी पळत होत्या. फक्त दोघांचं एकमेकांशी बोलणं बंद होतं. 8551 पोर्टवर ओळख पटवायला दोघांकडे एकच गुप्त किल्ली लागते. एकाला मी फाइल नेमून दिली होती. दुसऱ्याला द्यायची राहिली, म्हणून त्याने आपल्या डेटा फोल्डरात स्वतःची नवी तयार केली. दोन्ही फाइली शेजारी उघडल्या : 64-64 अक्षरं, आणि पहिलंच अक्षर वेगळं. सरावात सापडलं म्हणून निभावलं. त्यामुळे टेस्टनेटवरची रंगीत तालीम मी कधीच गाळत नाही, आणि तीही मुख्य नोडच्याच सेटिंगनिशी करते.

आता तुमच्या सेवेचं. जुना राहिलेला नोड बंद पडत नाही, हीच खरी अडचण आहे. प्रोसेस चालू असते, विचारलं की उत्तरही देतो; पण ते फोर्कआधीच्या, म्हणजे नियम बदलण्याआधीच्या, शेवटच्या ब्लॉकचं किंवा भलत्याच फाट्यावरचं. 11 नोव्हेंबर 2020 ला तर अपग्रेड नव्हतंच. गेथ या क्लायंटच्या जुन्या आवृत्त्यांतला एक दोष नव्या आवृत्तीत गाजावाजा न करता दुरुस्त झालेला होता. त्या दिवशी तो उघड झाला आणि जुन्या आवृत्तीवरचे नोड वेगळ्या साखळीवर गेले. काही एक्स्चेंजना पैसे काढणं थांबवावं लागलं.

म्हणून नोड जिवंत आहे का, एवढंच बघू नका. तुमच्या दोन नोडांवर दोन वेगळे क्लायंट ठेवा आणि फोर्कनंतर एकाच क्रमांकाच्या ब्लॉकचा हॅश (त्यातल्या मजकुराचा ठसा) दोन्हींकडून मागून ताडून बघा. जुळला नाही तर? जास्त नोड जिकडे तिकडे जायचं, असं मात्र ठरवू नका. 24 फेब्रुवारी 2025 ला होलेस्की टेस्टनेटवर पेक्ट्रा हे अपग्रेड आलं तेव्हा काही एक्झिक्युशन क्लायंटांत डिपॉझिट कॉन्ट्रॅक्टचा (ठेवी स्वीकारणाऱ्या, साखळीवरच्या प्रोग्रॅमचा) पत्ता चुकीचा बसला होता, आणि ठेव ठेवून ब्लॉकवर सह्या करणारे बहुसंख्य व्हॅलिडेटरच चुकीच्या बाजूला गेले. ते टेस्टनेट पुन्हा फायनलाइज व्हायला, म्हणजे ब्लॉक मागे न फिरतील असे पक्के व्हायला, दोन आठवडे लागले. हॅश जुळत नसेल तर व्यवहार थांबवा, निर्णय माणसाला घेऊ द्या. फोर्कच्या थोडं आधीपासून पैसे जमा करणं आणि काढणं रोखून धरा, आणि ‘फायनलाइज्ड’ ब्लॉक फोर्कच्या पुढे सरकल्यावरच सुरू करा. सगळं सुरळीत असेल तर हे साधारण 13 मिनिटांचं काम आहे. ग्राहकांना आदल्या दिवशी कळवलंत तर कुणाची तक्रार येत नाही.

एक गोष्ट बऱ्याच जणांची राहून जाते : आपला स्वतःचा कोड. 7 मे 2025 ला मुख्य जाळ्यावर पेक्ट्रा आल्यापासून साध्या खात्यालाही कोड जोडता येतो. ‘पत्त्यावर कोड आहे, म्हणजे तो कॉन्ट्रॅक्ट’ अशी तपासणी तुमच्या प्रोग्रॅममध्ये असेल तर नोड बिनचूक असूनही चांगला ग्राहक अडकेल. ती ओळ आजच शोधा.

प्रश्न : माझा एकच व्हॅलिडेटर आहे. अपग्रेडच्या वेळी मशीन अडकलं तर दुसरं तयार असावं म्हणून त्यावरही सहीच्या किल्ल्या घालून ठेवू का?

उत्तर : कृपा करून नको. काही तास बंद राहिलात तर साधारण तेवढ्या वेळात जे मिळालं असतं तितकंच जातं, आणि ते पुढे भरून निघतं. एकच किल्ली दोन मशीनवर एकाच वेळी चालली आणि दोघांनी वेगवेगळ्या सह्या केल्या, तर स्लॅशिंग होतं, म्हणजे ठेवीतला काही भाग दंड म्हणून कापला जातो, आणि व्हॅलिडेटर कायमचा बाहेर पडतो. दुसरं मशीन सिंक करून तयार ठेवा, पण किल्ल्यांशिवाय. हलवायची वेळ आलीच तर पहिल्यावरून किल्ल्या पुसा, स्लॅशिंगपासून वाचवणारा सह्यांचा इतिहास निर्यात करून सोबत न्या, आणि दोन-तीन एपॉक, म्हणजे वीसेक मिनिटं, थांबूनच दुसरं सुरू करा.

प्रश्न : माझ्या वॉलेटमध्ये थोडं इथर आहे, बाकी काही नाही. मी काय करू?

उत्तर : काहीही नाही. ‘अपग्रेडसाठी नाणी बदलून घ्या’ असा निरोप आला तर तो फसवणुकीचाच. त्यातल्या लिंकला हात लावू नका.