पहिल्या पंचेचाळीस किलोमीटरचा हिशेब

नागपूर

प्रिय मित्रा,

शेतमाल खरेदी केंद्रापर्यंत नेण्याच्या खर्चाबद्दलच्या तुझ्या निवेदनाचा मसुदा वाचला. ‘वाहतूक खर्च परवडत नाही, शासनाने अनुदान द्यावे’ हे वाक्य खरं आहे, पण ते कुठल्याही टेबलावर टिकणार नाही. समोरचा अधिकारी विचारेल, किती परवडत नाही? कोणाला? कोणत्या गावाहून? तुझ्या कागदात यातलं एकही उत्तर नाही. हमीभाव आणि बोनस यांवर आपल्याकडे सगळेच बोलतात. खळ्यापासून काट्यापर्यंतच्या भाड्यावर कोणी बोलत नाही, कारण त्या भाड्याची पावतीच कोणाकडे नसते.

आधी एक गोष्ट नीट समजून घे. २०१८-१९ पासून केंद्र सरकार हमीभाव ‘ए-टू अधिक एफएल’ खर्चाच्या (म्हणजे शेतकऱ्याने प्रत्यक्ष केलेला खर्च अधिक घरच्या माणसांच्या मजुरीची किंमत) किमान दीडपट धरतं. पण तो भाव मिळतो खरेदी केंद्राच्या काट्यावर, शेतकऱ्याच्या खळ्यावर नाही. खरेदी केंद्रातून पुढे गोदामापर्यंत किंवा राइस मिलपर्यंत जो माल जातो, त्याच्या वाहतुकीचा दर ठरलेला असतो, बिलं निघतात, सरकार पैसे देतं. त्याआधीचा तुकडा शेतकरी आपल्या खिशातून भरतो आणि त्याची नोंद कुठेही होत नाही. तुझी सगळी मागणी या तुकड्याबद्दल आहे, म्हणून पहिलं काम त्याची नोंद करण्याचं.

हिशेब असा मांड. समज, कुहीकडच्या एका गावातून कळमना (नागपूरचा बाजार) ४५ किलोमीटर आहे आणि पिकअपवाला फेरीचे २,४०० रुपये घेतो. (आकडे समजण्यापुरते आहेत, तू तुझ्या गावांचे घाल.) १५ क्विंटल सोयाबीन असेल तर क्विंटलमागे १६० रुपये पडले. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये, म्हणजे भावातले ३ टक्के रस्त्यातच गेले. आता दोन एकरवाल्याचा हिशेब कर. त्याच्याकडे ६ क्विंटल माल आहे आणि फेरीचे पैसे तेवढेच. क्विंटलला ४०० रुपये, साडेसात टक्के. भाडं गाडीचं असतं, मालाचं नसतं, म्हणून जितका लहान शेतकरी तितका हा खर्च मोठा. निवेदनाच्या पहिल्या पानावर हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेव. ‘परवडत नाही’ हे शब्द मग लिहावेही लागणार नाहीत.

भाड्यात काय-काय धरायचं, तेही ठरवून घे. गावात गाडी भरायची हमाली, नंबर लागला नाही तर रात्रभर उभ्या गाडीचा खोळंबा, आणि माल परत आणावा लागला तर परतीची फेरी. बाजारातली अडत (अडत्याचं कमिशन), हमाली, तोलाई (वजन करण्याचे पैसे), वाराई (गाडीतल्या मालाच्या चढ-उताराचे पैसे) वेगळ्या रकान्यात लिही. यातली कोणती कपात कोणाकडून आणि किती घ्यायची हे बाजार समितीच्या उपविधीत असतं. त्याची प्रत मागून घे आणि प्रत्येक हिशेबपट्टी (विक्री आणि कपातींची पावती) तिच्याशी ताडून बघ.

परतीच्या फेरीचं सर्वांत मोठं कारण ओलावा. सोयाबीनला १२ टक्क्यांची मर्यादा असते. २०२४-२५ च्या खरिपात केंद्र सरकारने ती १५ पर्यंत शिथिल केली होती, पण दरवर्षी तसं होईल असं धरून चालू नकोस. आता गणित बघ. १५ टक्के ओलाव्याचं १५ क्विंटल सोयाबीन १२ टक्क्यांवर आणलं की वजन साधारण १,४४९ किलो भरतं. म्हणजे ५१ किलो पाणी गाडीत बसून कळमन्याला जातं. एका अख्ख्या कट्ट्याचं (५० किलोच्या पोत्याचं) भाडं पाण्यासाठी! वर खरेदी केंद्राने माल नाकारला तर हेच पाणी घरी आणायचं भाडं वेगळं.

म्हणून गावातच तपासणी हवी. ताडपत्रीवर पातळ थर, दिवसातून तीन-चार वेळा हलवणं, संध्याकाळी दव पडायच्या आत झाकणं. नमुना घेताना एकाच पोत्याच्या तोंडाशी परखी (दाणे काढायची टोकदार नळी) खुपसू नका. पाच-सहा पोती निवडा, प्रत्येकाच्या वरून, मधून आणि तळातून दाणे काढा, ते एकत्र करा, तीनदा मोजा आणि सरासरी लिहा. उन्हात तापलेला माल लगेच मोजला तर आकडा फसवतो. तो सावलीत थंड होऊ द्या. तुमच्या शेतकरी कंपनीकडे मॉइश्चर मीटर असेल तर हंगामाच्या पहिल्याच दिवशी तोच नमुना केंद्राच्या मीटरवरही मोजून घ्या. फरक निघाला तर त्याच दिवशी लेखी कळवा. रांगेत शंभर गाड्या उभ्या असताना ते भांडण कोणी ऐकत नाही.

काट्याकडेही असंच बारीक लक्ष हवं. ५० किलोच्या तागाच्या बारदान्याचं (रिकाम्या पोत्याचं) वजन ५८० ग्रॅम धरतात, म्हणजे भरलेला कट्टा ५०.५८० वर थांबला पाहिजे. ‘सूट’ म्हणून तो ५१ पर्यंत भरून घेतला तर कट्ट्यामागे ४२० ग्रॅम गेले. तीस कट्ट्यांवर १२ किलो ६०० ग्रॅम, हमीभावाने ६७१ रुपये. वरच्या उदाहरणातल्या भाड्याच्या पावपटीहून जास्त!

आता मागणीबद्दल. रोख वाहतूक अनुदान मागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. ते जाहीर झालं की फेरीचा दर वाढतो आणि पैसा शेतकऱ्याच्या हातात राहत नाही. जवळचं केंद्र मागा. कोणत्या गावासाठी, सध्याचं केंद्र किती किलोमीटर, नवं किती, तिथे गोदाम, वजनकाटा आणि गाडी वळायला जागा आहे का, हे सगळं लिहून. तुरीसाठी ही मागणी जास्त जोरात करता येते, कारण २०२५ च्या अर्थसंकल्पाने तूर, उडीद आणि मसूर यांची शंभर टक्के खरेदी २०२८-२९ पर्यंत करायचं म्हटलं आहे. सोयाबीनसारख्या पिकाला उत्पादनाच्या २५ टक्क्यांची मर्यादा आड येते, तशी तुरीला येत नाही.

वेळ चुकली तर चांगलं निवेदनही वाया जातं. आपल्याकडे डिसेंबरात अधिवेशन असतं म्हणून सगळे मोर्चे तेव्हाच निघतात, पण तोवर सोयाबीन बहुतेक घरांतून निघून गेलेलं असतं. सोयाबीन आणि धानाच्या केंद्राचं निवेदन ऑगस्ट-सप्टेंबरात जिल्हा पणन अधिकारी आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पोचलं पाहिजे. हिवाळी अधिवेशनात तूर आणि हरभऱ्याचं बोला. आमदारांना प्रश्नाचा मसुदा तयार करूनच द्या, गावांच्या आणि किलोमीटरच्या तक्त्यासह.

माहिती अधिकाराचा एक अर्ज आत्ताच टाक. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत तीस दिवस. मागच्या दोन हंगामांत प्रत्येक केंद्र कोणत्या तारखेला सुरू झालं, नोंदणी किती जणांनी केली, माल प्रत्यक्ष किती जणांनी दिला, आणि केंद्रापासून गोदामापर्यंत कोणत्या दराने वाहतूक बिलं दिली गेली, एवढंच विचार. नोंदणी आणि विक्री यांतली तफावत हा तुझा सर्वांत भक्कम पुरावा ठरेल. मात्र त्यात ई-पीक पाहणी (मोबाइलवरून करायची पिकाची नोंद) राहून गेल्यामुळे अडकलेली माणसं वेगळी काढ. त्यांची अडचण भाड्याची नाही.

तोपर्यंत दोन गोष्टी गावातच होऊ शकतात. सहा-सहा क्विंटलवाल्यांनी एकत्र गाडी करावी. प्रत्येकाच्या कट्ट्यांवर रंगाची खूण आणि वजनाची चिठ्ठी असली की भांडण होत नाही. आणि ज्याला पैशाची फारच निकड आहे त्याला शेतमाल तारण योजना सांग. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं, सहा टक्के व्याज, मुदत सहा महिने. भाडं तेवढंच लागतं, पण पडत्या भावात विकावं लागत नाही.

रविवारी गावात जाशील तेव्हा एक पावतीपुस्तक घेऊन जा. प्रत्येक फेरीला तारीख, गाडीचा नंबर, कुठून कुठे, किती कट्टे, किती रुपये आणि गाडीवाल्याची सही. गाडीवाले सुरुवातीला कुरकुर करतील. पावती फक्त भाड्याच्या नोंदीसाठी आहे हे त्यांना समजावून सांग. चाळीस पावत्या जमल्या की मसुदा पुन्हा पाठव, आपण दोघं मिळून तक्ता करू.

तुझा,
एक जुना कार्यकर्ता