कांदा एवढा लागतो तरी मातीमोल का जातो

अरे, तुझा मेसेज वाचला. कांद्यावाचून कुणाचं भागत नाही तरी तो मातीमोल जातो, आणि ज्या सोन्यावाचून काही अडत नाही ते सराफ बाजारात एवढं महाग, असं का? अर्थशास्त्रज्ञ ॲडम स्मिथने १७७६ मध्ये पाणी आणि हिऱ्यांबद्दल हेच लिहून ठेवलंय, नीट उलगडा व्हायला १८७१ उजाडलं, जेव्हन्स आणि मेंगर या दोन अर्थशास्त्रज्ञांमुळे. भाव अख्ख्या वस्तूच्या उपयोगावर ठरत नाही रे, हाताशी आहे त्यात अजून एक किलो आला तर किती फरक पडतो त्यावर ठरतो. गंगापूर धरण भरलेलं असलं की आपण पाइप लावून गाड्या धुतो, पाणीकपात लागली की त्याच पाण्यासाठी टँकरवाल्याच्या मागे फिरतो.

आता लासलगावच्या कांदा बाजाराचं बघ. उन्हाळ कांदा मार्च ते मे निघतो, चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये भरतात, आणि पावसाळ्यातल्या लागवडीचा लाल कांदा येईपर्यंत तोच पुरवायचा असतो. चाळीत वजन घटतं, खालचा सडतो, उरलेल्याला कोंब फुटायला लागतात, आणि नेमका परतीचा पाऊस लाल कांद्यावर बसला की लिलावात ट्रॅक्टरची रांग छोटी आणि बोली वर. घरात काय होतं? भाव दुप्पट झाला तरी पोह्यात कांदा पडतोच, थोडा कमी पडतो एवढंच, आणि स्वस्त झाला म्हणून कुणी दुप्पट खात नाही, म्हणून आवक जराशी हलली तरी भाव धाडकन वर नाहीतर खाली. कोथिंबिरीला तर चाळ पण नाही, संध्याकाळी जुडी मिळेल त्या भावाला द्यावी लागते.

पण नुसती टंचाई धरून बसू नकोस, गिऱ्हाईकही लागतं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, शेतातला कांदा तेवढाच होता, बाहेरचं गिऱ्हाईक गेलं आणि भाव कोसळले.

आणि ‘एवढा खर्च आला म्हणून एवढा भाव पाहिजे’ हे तुझं म्हणणं मला माणूस म्हणून पटतं, पण लिलावात बोली लावणारा तुझा खर्च विचारत नाही. खर्चाचा हिशोब पुढच्या हंगामात निघतो, परवडलं नाही तर लोक लागवड कमी करतात आणि आवक घटते.

प्रोजेक्टसाठी नुसते भाव उतरवून आणू नकोस, शेजारच्या रकान्यात त्या दिवसाची आवक लिही, मग पाठव, बघतो.