नाझिया हसन एवढ्या लहान वयात स्टार कशी झाली आणि मग गाणं का सोडलं?

एका गाण्यानंच झाली की ओ. 1980 च्या 'कुर्बानी'तलं 'आप जैसा कोई' गायली तेव्हा जेमतेम 15 वर्षांची, कराचीची पोरगी, आणि त्यावर फिल्मफेअर पण मिळालं, तेही लता-आशाच्या जमान्यात! म्युझिक बिद्दूचं, म्हणजे आपल्या बेंगळूरचाच माणूस, इकडं बेळगावात सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही बघा. मग 1981 ला भाऊ झोहेबबरोबर 'डिस्को दीवाने' आला, पिक्चरशिवाय नुसता पॉप अल्बम एवढा खपणं म्हणजे तेव्हा नवलच. मामांनी खडेबाजारातनं आणलेली कॅसेट अजून आहे, कव्हरवरची नावं पार पुसलीत. पण तिनं गाण्याला कधी धंदा केलंच नाही, लॉ शिकली, युनोत काम केलं, 1992 च्या 'कॅमेरा कॅमेरा'नंतर गाणं बंद. 2000 मध्ये कॅन्सरनं गेली, फक्त 35 वर्षांची होती.