स्पर्धेतल्या नाटकांवर लिहिणाऱ्यास

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

राज्य नाट्य स्पर्धेच्या प्राथमिक फेरीतल्या प्रयोगांवर तू यंदा लिहिणार आहेस, हे वाचून आनंद झाला. ‘भूमिकेला न्याय दिला’, ‘नेपथ्य साजेसं’, ‘प्रकाशयोजना पूरक’ ही वाक्यं आजच वहीतून खोड. परभणी-नांदेडचा हौशी संघ नोकरी सांभाळून, रात्री जागून तालमी करतो. दुसऱ्या दिवशी त्याला तुझ्या लेखात आपला प्रयोग दिसला पाहिजे.

संहिता आधी वाच. स्पर्धेत वेळेचं बंधन असतं, त्यामुळे कात्री लागतेच. मूळ नाटक वाचलेलं नसेल तर गाळलेल्या प्रवेशाचं खापर तू लेखकावर फोडशील.

पहिला अंक पाचव्या-सहाव्या रांगेतून बघ, मध्यंतरानंतर शेवटच्या रांगेत जा. पुढे स्वच्छ ऐकू येणारं वाक्य मागे पार्श्वसंगीताखाली बुडतं, विशेषतः वाक्याचं शेवटचं क्रियापद. कोणतं वाक्य बुडालं ते तिथल्या तिथे टिपून ठेव.

बोलीकडे मात्र कान देऊन बस. महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ घे. धरणगावच्या देशपांड्यांचा वाडा विदर्भातला, घरच्यांच्या बोलण्याला वऱ्हाडी वळण, आणि मुंबईहून आलेली सून अंजली शहरी बोलणारी. आपल्याकडचा नट वऱ्हाडी पाठ करतो, पण भांडणाच्या प्रवेशात श्वास चढला की पाठ केलेला हेल सुटतो आणि तोंडून घरचं ‘काय करायलास?’ बाहेर पडतं. ‘बोलीत सातत्य नाही’ एवढंच लिहून संघाच्या हाती काही पडत नाही. कोणत्या प्रवेशात, कोणाच्या तोंडी, कशामुळे सुटलं ते लिही. अख्खा वाडाच मराठवाडी बोलीत उभा केला असेल तर मला ते उणं वाटत नाही, उलट धाडसाचं वाटतं. तपासायचं एवढंच की वाडा आणि मुंबई यांच्या बोलण्यातलं अंतर शिल्लक आहे का. वहिनी आणि अंजली एकाच सुरात बोलू लागल्या की दोन जावांमधला ताण शब्दांतून निघून जातो, मग नट्या तो आवाज चढवून भरून काढतात.

‘घाशीराम कोतवाल’ असेल तर माणसांच्या रांगेवर नजर ठेव. तीच पडदा, तीच भिंत. रंगमंच उथळ असला की वळताना रांग विंगेशी अडकते, आणि टोकाच्या माणसाला ताल ऐकू आला नाही तर तो अर्धा ठेका मागे राहतो.

प्रकाशाचा दोष ठरवताना घाई नको. एकाच जागी दोघातिघांचे चेहरे अंधारात गेले तर चूक प्रकाशयोजनेची. एकाचाच गेला तर त्याने जागा चुकवली. परक्या नाट्यगृहात खुणांच्या पट्ट्या चिकटवायला वेळ मिळाला नाही की हे हमखास होतं.

लेख चारशे शब्दांचा असेल तर कथानकाला साठाच्या वर शब्द देऊ नकोस. निम्म्याहून जास्त जागा दिग्दर्शन आणि अभिनयाला दे. नावं परिचयपत्रिकेवरून उतरव, रंगभूषा-वेशभूषा करणाऱ्यांचीसुद्धा. कलावंत ऐनवेळी बदलला का, हे प्रयोगानंतर विंगेत जाऊन विचार.

संघ अंतिम फेरीत पोहोचला तर तोच प्रयोग पुन्हा बघ. पहिली टिपणं सोबत ने आणि नेमक्या त्याच जागा तपास.