आधी नळ, मग वायर
घरातली बारीकसारीक दुरुस्ती स्वतः शिकायची म्हणतोस, तर नळापासून सुरुवात कर. चुकलास तरी फार तर फरशी ओली होईल. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून वॉशर बदल, आट्यांवर टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळ. बोअरचं पाणी असेल तर आधी क्षार घासून बघ.

विजेचं प्रकरण वेगळं. रामबागेतल्या तुमच्यासारख्या जुन्या घरात बटण करंट आणणाऱ्या फेज वायरऐवजी तो परत नेणाऱ्या न्यूट्रलवर बसवलेलं असू शकतं, म्हणजे दिवा बंद आणि होल्डरमध्ये करंट! म्हणून मेन स्विचच पाडायचा, मग टेस्टर लावायचा. आणि तो टेस्टर आधी चालू प्लगवर तपासून घ्यायचा. 2000 वॅटचा गीझर जवळपास 9 अँपिअर खेचतो, तो 6 अँपिअरच्या प्लगला लावू नकोस. एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, सारखा पडतो म्हणून जास्त अँपिअरचा बसवणं हा तर शुद्ध आचरटपणा, भिंतीतली वायर जळेल. अर्थिंगचं काम वायरमनलाच दे.